'उत्तर दाखवा' म्हणणारे महालिंग सर

महालिंग सरांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं. मी म्हणाले, "रोहिणी." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "खरंच हेच नाव हाय का?" मी गडबडलेच. इतकी वर्षं बिनतक्रार वापरलेल्या नावाची मला त्या क्षणी खात्री वाटेना. "आधार कार्ड दाखवू का सर?" असं मी थट्टेनं म्हणाले, तर ते म्हणाले, "दाखवा की." त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि परत दिलं. त्या दिवसापासून ते मला 'मॅडम' म्हणू लागले. नाव कधी घेतलंच नाही.

आमचं ऑफिस बीडमध्ये, एका खताच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. मालक अभिजित. घरची भरपूर जमीन आणि त्याहून भरपूर राजकारण. त्याला दोन्हींचा कंटाळा, म्हणून त्यानं हे सॉफ्टवेअरचं काढलं होतं. काम असं की गावाचे जुने नकाशे ड्रोननं काढलेल्या फोटोंवर बसवायचे. जुना नकाशा कुठे आकसलेला असतो, कुठे तिरका, कुठे नुसताच चुकलेला. तो वळवायचा, ताणायचा, सरकवायचा, आणि नीट बसला की जुनी हद्दीची रेघ आजच्या शेतावर उमटते. मग आजचा बांध त्या रेघेवर आहे की नाही ते दिसतं. आमच्या जिल्ह्यात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बांध कुणी एका दिवसात खात नाही. दर नांगरटीला जरा जरा कोरतात, आणि शेजारचा दर नांगरटीला जरा जरा जळतो.

सर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. प्रोग्रामिंग ते आपलं आपण शिकले, तेही हॅस्केल नावाच्या भाषेत. ही फंक्शनल भाषा, म्हणजे सगळं काम गणितातल्या फंक्शनांसारखं चालवणारी. आमच्यासारखी छोटी दुकानं सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. अभिजितनं "सर, दुसरी कुठली घेऊ ना, माणसं तरी मिळतील," म्हणून पाहिलं. सर बधले नाहीत. "बाकीच्या भाषांत कुनीबी मागून येऊन आकडा बदलून जातंय," ते म्हणाले. "हितं एकदा 'क्ष' म्हंजी पाच म्हनलं की मरूस्तोवर पाच. मानसाचं तसं न्हाई." वर्गात म्हणे ते अगदी पुस्तकी मराठी बोलत. पण शंका आली की घरच्या बोलीवर यायचे, आणि शंका तर त्यांना सकाळी उठल्यापासून येत असे.

खुर्ची त्यांनी भिंतीला पाठ लावून ठेवली होती. फोन स्टीलच्या डब्यात घालून वर झाकण लावत. "ऐकतंय ते," असं खालच्या आवाजात सांगत. सीताफळाच्या दिवसांत टोपलीतलं वरचं फळ त्यांनी कधी घेतलं नाही, विकणारी कितीही शपथा घालो, तळातलंच उपसून काढणार. ऑफिसचं कुलूप स्वतः ओढून बघत आणि जिना उतरल्यावर मला वर पाठवून पुन्हा ओढायला लावत. चहा आला की कप समोर ठेवून आमच्याकडे बघत बसत. आम्ही दोघं पिऊन जिवंत आहोत असं दिसलं की मग ते पीत. अभिजित म्हणायचा, "सर, आमच्यावर कुणी विषप्रयोग केला तर तुम्ही साक्षीला उपयोगी पडाल." सर हसत नसत. माणसाला इतकं सावध राहणं दमवत कसं नाही, असं मला वाटायचं. पुढे कळलं की दमवत होतं.

एकदा दुपारी डबा खाताना त्यांनी आपणहून सांगितलं. दिंद्रुडच्या अलीकडे त्यांचं रान. वडील गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. अलीकडचं सरांचं, ते बटाईनं लावलेलं; पलीकडचं धाकट्या काशिनाथचं. काशिनाथचं दिंद्रुडला किराणा दुकान आणि घरची शेती. मधे बांध.

"बांध सरकलाय," सर म्हणाले.

"मोजून घेतलाय का?"

"मोजायला कशाला लागतंय? उनाळ्यात गेलतो तवा डोळ्यानं दिसलं. इचारलं, तर म्हनतो, 'दादा, मोजून घ्या.' आता सांगा, येवढं छातीठोक कोन म्हनंल? ज्यानं मोजनारा आदीच फितवलाय, त्योच."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पुतणीच्या लग्नाला सर गेले नाहीत. सरांच्या पत्नी वारल्या तेव्हा काशिनाथ आला, अंगणात उभा राहिला, आणि सर बाहेर आले नाहीत म्हणून तसाच परत गेला. मुलगी हैदराबादला, तिच्या संसारात. जवळ आपलं म्हणावं असं या माणसाला एकच माणूस उरलं होतं आणि त्याच्याशीच अबोला. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण त्यांच्या गावाचा जुना नकाशा आणि ड्रोनचे फोटो आमच्याच मशीनमध्ये येऊन पडले होते. विचारायचा तेवढा अवकाश होता.

पण आमचा प्रोग्राम भयंकर हळू होता. नकाशा वळवायला, ताणायला, सरकवायला दरवेळी एक मॅट्रिक्स लागते, म्हणजे आकड्यांची लहानशी चौकट. नकाशातला बिंदू त्या चौकटीतून काढला की नव्या जागी जाऊन बसतो. एका गावात असे बिंदू मोजता येऊ नयेत इतके, आणि प्रत्येक बिंदू एकामागून एक साऱ्या चौकटींतून जायचा. शिवाय या भाषेत जुन्या आकड्याला हात लावायची सोय नाही, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर अख्ख्या गावाची नवी प्रत तयार व्हायची. मशीनचा पंखा गिरणीसारखा घुमायचा. अभिजित वैतागला. "एका गावाला एवढा वेळ, तर तालुका कधी व्हायचा?" वेग वाढवायचं काम त्यानं माझ्याकडे दिलं.

मी चार ठिकाणी फेरफार केले, घड्याळ लावलं आणि प्रोग्राम चालवला. डोळ्याचं पातं लवायच्या आत 'झालं' असं आलं. मी खुर्चीतून उडालेच. अभिजितनं खाली माणूस धाडून खव्याचे पेढे मागवले. सरांनी पेढा हातात घेतला, वास घेतला, आणि खाली ठेवला.

"उत्तर दाखवा," ते म्हणाले.

"सर, झालंय ना. हे बघा, वेळ."

"वेळ न्हाई, उत्तर. नकाशा काढून दाखवा."

मी नकाशा काढायला सांगितला आणि मशीन जे बसलं ते उठेचना. पंखा घुमायला लागला. पेढे खाऊन संपले, कागद टोपलीत गेला, तरी ते घुमतच होतं. ही भाषा आळशी आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. उत्तर कुणी मागेपर्यंत ती हिशोबाला हातच घालत नाही. मी वेळ मोजला होता तो तिनं नुसतं 'करते' म्हणण्याचा. काम तिनं सुरूच केलं नव्हतं.

सर खूश झाले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "ह्येचं 'झालं' म्हंजी 'करीन' असं हाय, मॅडम," ते म्हणाले. "लई लवकर हो म्हननारा दिसला की समजायचं, कामाला अजून हात लागल्याला न्हाई." मग त्यांनी पेढा खाल्ला.

खरा वेग पुढे आला, आणि त्याची वाट सरांनीच दाखवली हे कबूल करायला हवं. त्यांनी मला उभं केलं. "आदी दाराकडं वळा, मग चार पावलं चाला." मी दाराशी पोचले. "आता परत या. आदी चार पावलं चाला, मग वळा." मी सरळ कपाटावर जाऊन आदळले. "म्हंजी क्रम बदलायचा न्हाई," सर म्हणाले. "पर कंस कुठंबी घाला. बिंदूला दहा दारांतून काहून फिरवता? आदी दारंच एकमेकात गुना. एकच दार करा अन् त्यातून सगळं गाव काढा." मी तसं केलं. सगळ्या चौकटी आधी एकमेकींत गुणून एकच चौकट केली. आकडे सुटे न ठेवता एकाला एक चिकटवून मांडले, आणि आळस मोडायला प्रत्येक गुणाकार जागच्या जागी पुरा करायची सक्ती केली. या खेपेला नकाशासकट उत्तर आलं, आणि चहाचा कप उचलायच्या आत आलं.

सर समाधानी झाले असतील असं वाटणाऱ्यानं त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी जुना हळू प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर चालू ठेवला, स्क्रीन भिंतीकडे वळवून. प्रत्येक गावाचं उत्तर दोन्हीकडून काढायचे आणि ताडून बघायचे. चार दिवसांनी ते दारातच उभे राहिले. "आकड्यांना कुनी हात लावला?" अभिजितला विचारलं, मला विचारलं, चहावाल्यालाही विचारलं. दशांश चिन्हाच्या पार पलीकडे, शेवटच्या घरांत, दोन उत्तरांत फरक पडत होता. त्यांनी ऑफिसचं कुलूप बदललं.

या फरकाचं कारण त्यांना समजत नव्हतं असं नाही. त्यांनीच मला समजावलं होतं. कंस सरकले की आकडे वेगळ्या जागी तोडले जातात आणि शेपटाला किंचित फरक पडतो. "मग सर, झालं तर," मी म्हणाले, "त्या फरकात मुंगीचा पायसुद्धा मावणार नाही."

"बांध खायला सुरवात तेवढ्यापासूनच व्हती," ते म्हणाले.

तोवर मलाही त्यांचा रोग लागला होता. गावांची कामं लावताना त्यांचं गाव दरवेळी यादीत सर्वात खाली सरकलेलं दिसायचं. आज वर आणून ठेवावं, तर उद्या पुन्हा खाली. सर काहीतरी लपवताहेत असं मला वाटू लागलं. मशीन भिंतीकडे वळवलेलं, फोन डब्यात. भावाच्या रानाची रेघ हवी तशी वाकवून घेणार नाहीत ना? ते चहा घ्यायला खिडकीशी गेले की मी त्यांच्या मशीनकडे मान वाकडी करून बघायची. सरांवर पाळत ठेवणारी मी! पण त्या खोलीत बसून दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

शेवटी मी सरळ विचारलं. "सर, तुमचं गाव मागं का पडतं?"

"अजून खात्री न्हाई प्रोग्रामची."

"फोटो तर चांगले आहेत."

"फोटू काढनारा कोन व्हता, ते कळाया पायजे."

"नकाशा सरकारी आहे."

"तवाचे मोजनारे काय देव व्हते का?"

माझा संयम सुटला. "सर, तुम्हाला खात्री नकोय. तुम्हाला उत्तरच नकोय. भाषा आळशी, भाषा आळशी म्हणता, पण एवढी वर्षं हा हिशोब तुम्हीच तसाच ठेवलाय. कुणी मागत नाही म्हणून होत नाही."

त्यांनी डबा अर्धवट बंद केला, पिशवीत घातला आणि उठून गेले. कुलूप कुणी ओढलं नाही त्या दिवशी. मी ओढलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला आपण हे काय बोललो, म्हणून मला रात्रभर चैन पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले, खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली आणि स्क्रीनकडे पाठ करून बसले. दुसऱ्याच्या डोळ्यांवर आयुष्यात भरवसा न ठेवलेला माणूस म्हणाला, "चालवा. मी बगनार न्हाई. तुमी वाचा."

मी चालवला. त्यांनी धोतराचा सोगा सावरला तेवढ्यात उत्तर आलं.

"झालं, सर."

"उत्तर दाखवा म्हनल्यावर?"

"उत्तरासकट झालं."

"इतक्यात?" त्यांचा आवाज चिरकला. मला वाटतं, तो वेगच त्यांना सहन झाला नाही. ज्या प्रश्नानं त्यांची पुतणी परक्या लोकांच्या आशीर्वादानं सासरी गेली, ज्यानं भावाला अंगणातून परत पाठवलं, तो प्रश्न इतका पटकन सुटणारा होता.

"बांध रेघेवरच आहे," मी म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेच सरकलेला नाही."

"हळूवालं चालवा."

मी जुना प्रोग्राम लावला. पंखा घुमत राहिला. चहा आला, गार झाला. शेवटी तेच उत्तर आलं. शेपटाच्या आकड्यांत फरक होता तेवढाच. मग सर वळले. नाक स्क्रीनला लागेल इतकं पुढे झुकून त्यांनी फोटो बघितला, आणि एका जागी बोट ठेवलं.

"रोहिणी, ह्ये काय हाय?"

त्यांनी माझं नाव घेतलं हे माझ्या नंतर ध्यानात आलं. बांधाच्या पलीकडे, काशिनाथच्या बाजूनं, बांधाला लागून एक पट्टा दिसत होता. बाकीचं रान काळंभोर नांगरलेलं आणि हा पट्टा गवताचा, माणूस आडवा झोपेल इतका रुंद, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोबतीनं गेलेला. त्यावर नांगर फिरलेलाच नव्हता.

"पडीक असेल," मी म्हणाले.

"ह्या काळ्या रानात कुनी वीतभर पडीक ठेवीत न्हाई," सर म्हणाले. "ह्यो पट्टा म्या त्या उनाळ्यानंतर येकदा एसटीतनं बगितलता."

त्या रविवारी आम्ही एसटीनं दिंद्रुडला गेलो. मला का नेलं असं विचारलं तर म्हणाले, "साक्षीला." कुणाविरुद्ध, ते सांगितलं नाही. वाटेत त्यांनी खिशातल्या किल्ल्या तीनदा चाचपल्या आणि मागच्या बाकावरचा माणूस आपल्याच मागे का उतरतोय याची चौकशी केली. उतरल्यावर मात्र पावलं जड झाली. दुकान समोर दिसत होतं तरी ते रसवंतीच्या आडोशाला उभे राहिले, आणि मला वाटलं, आता परत फिरतात.

काशिनाथनंच पाहिलं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, नाकडोळे थेट सरांचे. फक्त चेहरा मोकळा. तो गिऱ्हाईक तसंच टाकून खाली उतरला.

"दादा? या की. उनात काहून उभे?"

सर आत गेले, पोत्यावर बसले. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. एकदम म्हणाले, "बांध हाय तितंच हाय."

"हाय की," काशिनाथ म्हणाला.

"मशीननं मोजलं. दोनदा."

"बरं केलं."

"त्यो पट्टा कशाचा सोडलाय तू?"

काशिनाथ उगीचच तराजूतली धूळ फुंकू लागला. गिऱ्हाईक बाई साखरेची पिशवी घेऊन तशीच उभी. "तुमी त्या उनाळ्यात बोलून गेलता ना, दादा," तो म्हणाला. "तवापासून बांधाकडं औत न्यायलाच हात धजंना. नांगराचं टोक लागलं, एक ढेकूळ हाललं, तर दादाला पुन्हा वाटंल. म्हनून लांबूनच वळतो. तुमाला शक येऊ ने म्हनून सोडलाय."

सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"अन् मला त्येचाच शक आलता, काशा," ते म्हणाले. "म्हनलं, उगी कोन सोडतंय? ह्येच्यात कायतरी डाव हाय."

आणि महालिंग सर रडले. दुकानात, गिऱ्हाइकादेखत, तोंडावर उपरणंसुद्धा न घेता. काशिनाथनं आत आवाज देऊन चहा मागवला. चहा आला तो पहिला सरांच्या हातात आला. त्यांनी कुणाकडे न बघता तो उचलला आणि घोट घेतला. पोळला असावा, कारण त्यांनी डोळे गच्च मिटले, पण कप खाली ठेवला नाही.

त्यानंतर सरांचं मन ऑफिसात लागेना. पावसाळ्याआधी त्यांनी काम सोडलं आणि दिंद्रुडला भावाकडे राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "जुनं हळूवालं पुसू नका. वेगाला कुनीतरी इचारनारं पायजे." मी ते पुसलेलं नाही. आजही नव्या गावाचं उत्तर आलं की ते एकदा तिकडे लावून बघते, आणि अभिजित माझ्याकडे सरांकडे बघायचा तसा बघतो. दुकानात बसून सर आता काय करतात ते काशिनाथ फोनवर सांगतो: पोती उसवून तळातली डाळ बघतात, वजनं एकमेकांशी ताडतात, माल आणणाऱ्या ड्रायव्हरला खरं नाव विचारतात. तक्रार करताना त्याचा आवाज इतका सुखी असतो की ऐकत राहावं.

यंदा त्या भागाचे नवे फोटो आले. मी प्रोग्राम लावला, उत्तर लागलीच आलं. बांध रेघेवरच होता. काशिनाथच्या बाजूचा गवताचा पट्टा गेला होता. अगदी बांधाच्या पायथ्यापर्यंत पेरलेलं दिसत होतं. आणि बांधाच्या अलीकडे, सरांच्या रानात, तेवढ्याच रुंदीचा एक पट्टा नांगर न लावता सोडलेला होता.

मी लगेच सरांना फोन लावला. बराच वेळ वाजला. डब्यातून काढायला वेळ लागला असणार.

"सर, तुमच्या बाजूला पट्टा सुटलेला दिसतोय. माणूस आडवा झोपेल एवढा."

पलीकडे सरांनी घसा खाकरला.

"फोटू खरा हाय का, ते आदी बगा," सर म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.